घुम्याचं उत्तर

समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं दुभाषीबाईंना जमायचं नाही. त्यात त्यांचं पोटपाणी होतं. उभी हयात कोर्टात गेली. कानाने एक भाषा ऐकायची, तोंडाने दुसरी बोलायची, आणि साक्षीदार वाक्याच्या मध्यावर असतानाच तो कुठे पोचणार ते ओळखायचं. तो पोचेपर्यंत वाट बघत बसलात की मागे पडलात, आणि मागे पडलेल्या दुभाष्याला पुन्हा कुणी बोलावत नाही. बाईंचा अंदाज सहसा चुकायचा नाही. चुकलाच तर पुढच्या श्वासात त्या सुधारून घ्यायच्या आणि न्यायाधीशांना पत्ताही लागायचा नाही.

अडचण एवढीच की ही कला त्या घरीही घेऊन यायच्या. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात. संध्याकाळी हात धुऊन टेबलाशी बसायचा आणि म्हणायचा, "आज त्या बँकेची लिफ्ट..." की बाई लगेच, "अडकली ना मध्येच? दाराचंच काहीतरी असणार." बिचाऱ्याची गोष्ट तिथेच संपायची. तो हसून चहा प्यायचा. थोरल्या मुलीने, म्हणजे ताईने, आईची विद्या लहानपणीच उचलली होती, त्यामुळे मायलेकी एकमेकींच्या तोंडचे शब्द पळवत तासन्तास बोलायच्या आणि दोघींचंही काही अडायचं नाही. अडायचं ते धाकट्याचं.

धाकटा सावकाश बोलायचा. एक शब्द काढला की दुसरा कुठे ठेवलाय ते शोधायला जायचा. तो शोधून आणेपर्यंत आईने किंवा ताईने त्याचं वाक्य पुरं करून, त्यावर आपलं मत देऊन, विषयसुद्धा बदललेला असायचा. मग तो तोंड मिटून ताटात बघायचा. घरात त्याचं नाव पडलं घुम्या. पाहुणे आले की बाई सांगायच्या, "आमच्या याला बोलायला आवडत नाही हो." पाहुणे त्याच्याकडे बघायचे, तो मान हलवायचा. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे काही कुणी विचारलं नाही.

हाच घुम्या मोठेपणी अंतराळ केंद्रात नोकरीला लागला, आणि पुढे त्याला गुरूकडे पाठवायचं ठरलं. गुरू म्हणजे तो आकाशातला, ग्रहांमधला सगळ्यात मोठा. तिथवर जायचं, त्याच्याभोवती फिरायचं, बघायचं आणि परत यायचं. आणि हे सगळं एकट्याने, कारण यानात हवा, पाणी आणि खाणं एकाच माणसाला पुरेल एवढंच मावत होतं. तो परत येईल तेव्हा ताईचं मांडीवरचं तान्हं पाढे म्हणत असेल, इतका तो लांबचा प्रवास.

निवड कशी झाली तेही ऐकण्यासारखं आहे. सगळ्या उमेदवारांना कित्येक आठवडे एकेका बंद खोलीत ठेवलं होतं. कुणी भिंतीशी गप्पा मारायला लागला, कुणी गाणी म्हणून म्हणून घसा बसवून घेतला. घुम्या बाहेर आला तो ताजातवाना. समितीने विचारलं, "कसं वाटलं?" त्याने विचार केला. बराच केला. समितीतले सहाच्या सहा विद्वान त्याच्या तोंडाकडे बघत थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्यासाठी थांबलं होतं. शेवटी तो म्हणाला, "सुरुवातीला माझाच आवाज फार येत होता. नंतर खोलीचा यायला लागला." त्याच दिवशी शिक्कामोर्तब झालं.

बाईंना बातमी कळली तेव्हा त्या एका खटल्यातून नुकत्या घरी आल्या होत्या. "म्हणजे बोलत नाही म्हणून निवडलं?" त्या म्हणाल्या. "मग मी मेली घरात बसून त्याला बोलतं करायला बघत होते ते कशाला?"

"तू बोलतं करत होतीस?" नवरा म्हणाला. त्याने पुढे काहीतरी म्हटलं असतं, पण बाईंनी ते त्याच्या वतीने म्हणून टाकलं आणि त्याच्यावर रागावल्याही.

उड्डाणाआधी केंद्राने घरच्या माणसांना शिकवणीला बोलावलं. यान लांब जाईल तसा आवाज पोचायला वेळ लागणार, गुरूपाशी तर जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास. अशा अंतरावरून बोलायचं कसं याचा सराव हवा. शिकवायला जे गृहस्थ होते त्यांच्या कानांवरून हेडफोन म्हणून कधी उतरायचे नाहीत, जेवतानासुद्धा एक कान झाकलेलाच. सगळं केंद्र त्यांना कानवाले म्हणायचं, बायकोसुद्धा म्हणत असावी.

कानवाल्यांनी घुम्याला शेजारच्या खोलीत बसवलं आणि मध्ये आवाज उशिरा पोचवणारं यंत्र लावलं. नुसती काही मिनिटांची फट, सरावापुरती. पहिली पाळी आईची.

"जेवलास का रे?" बाईंनी विचारलं. शांतता. बाई माइककडे बघत राहिल्या. "नसशीलच जेवला." शांतता. "कामाच्या नादात विसरलास. नेहमीचंच आहे तुझं." अजून शांतता. "का माझ्यावरचा राग जेवणावर काढतोयस? तसं असेल तर तोंडावर सांग ना! असा गप्प बसून कशाला छळतोस?" बाईंचा रुमाल डोळ्यांना लागला, आणि तेवढ्यात भिंतीतून शांत आवाज आला, "हो, जेवलो."

नवरा आणि ताई हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. कानवाले मात्र हसले नाहीत. "बाई, बोलून झालं की थांबायचं," ते म्हणाले. "तोंडाने थांबायचं आणि मनानेसुद्धा. तुमचं तोंड थांबलं तरी मन तिकडची बाजू बोलतच राहतंय. मग त्याचं खरं उत्तर आल्यावर ते ठेवायला जागाच उरत नाही."

बाईंनी मान डोलावली. कानवाल्यांचं वाक्य संपायच्या आधीच डोलावली, हा भाग वेगळा.

निरोपाची भेट काचेआडून झाली. जायच्या आधी त्याला कुणाचा संसर्ग नको म्हणून मध्ये भिंतभर काच, आणि बोलायला दोन्हीकडे एकेक फोन. बाई ठरवून गेल्या होत्या की आज भांडायचं नाही, एकच गोष्ट विचारायची. "तू एवढ्या लांब का चाललास?" त्यांनी विचारलं. घुम्याने फोन या कानाचा त्या कानाला नेला. तो शब्द शोधतोय हे दिसत होतं. बाईंना ते बघवेना. "आमच्यापासून सुटायचंय म्हणूनच ना?" त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडाला कंटाळलास ना?"

घुम्याने काचेवर हात टेकला. "आई, मी..."

"राहू दे. कळलं मला." बाईंनी फोन ठेवून दिला. तिकडे काचेपलीकडे त्याचे ओठ अजून हलत होते, पण त्याच्या पाठीमागचं दार उघडलं, डॉक्टर आत आले, भेटीची वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांना दूरवरच्या एका गच्चीत उभं केलं. मैदानाच्या पार टोकाला यान उभं होतं, इथून बघितलं तर खडूएवढं. त्या खडूच्या टोकावर आपलं पोर बसलंय हे बाईंच्या डोक्यात शिरेना. मग त्याच्या बुडाशी उजेड पेटला. सूर्य समोर असताना दुसरा उजेड डोळे दिपवतो हे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि आवाज काहीच नाही. यान जमिनीपासून सुटलं, वर निघालं, आणि तरीही पाखराच्या पंखाएवढाही आवाज नाही. बाईंनी नवऱ्याचा हात पकडला. मग आवाज आला. तो कानांत शिरलाच नाही, सरळ छातीत शिरला, पायाखालची गच्ची थरथरली, ताईचं तान्हं रडायचं विसरून आ वासून आकाशाकडे बघायला लागलं. बाई काहीतरी बोलत होत्या, पण काय ते त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर नवरा म्हणाला, "जन्मभर माणसं वर पाठवली मी. पण खाली यायचं बटण त्यांच्या हाताशी असायचं." कुणीच त्याचं वाक्य तोडलं नाही. त्याला स्वतःलाच चुकल्यासारखं झालं.

पुढे महिन्यातून एकदा घरच्यांची बोलायची पाळी यायची. केंद्रात त्यासाठी एक छोटी खोली होती: टेबल, माइक, चार हेडफोन, खिडकीला जाड पडदा. पहिल्या महिन्यांत गप्पा जमल्या. मग फट वाढत गेली. नवरा लिफ्टच्या गोष्टी सांगायचा, आणि बायको मध्ये बोलत नाही म्हटल्यावर त्या गोष्टींना चक्क शेवट असायचे, मजेदार असायचे. ताई पोराचे पराक्रम सांगायची. बाई उरलेला सगळा वेळ भरून काढायच्या. हवापाणी, शेजारीपाजारी, कोर्टातले किस्से, काय वाटेल ते. पण तो एक प्रश्न त्यांच्या तोंडी पुन्हा आला नाही. बाहेर मात्र त्या ज्याला त्याला सांगायच्या, "आईच्या बडबडीला कंटाळून माझं पोरगं गुरूवर पळालं!" लोक खो खो हसायचे. बाईही हसायच्या. घरी येऊन दार लावलं की हसू कुठल्या कुठे जायचं.

मग केंद्राकडून निरोप आला. यान गुरूपाशी पोचलं होतं. आता त्याची सगळी ताकद मोजमापं आणि चित्रं पाठवायला लागणार, त्यामुळे घरच्यांसाठी आवाज बंद. परतीच्या वाटेला लागेपर्यंत लिहिलेल्या चार ओळी तेवढ्या येतील-जातील. ही पाळी शेवटची, आणि पुढची काही वर्षांनी.

केंद्राच्या पायऱ्या चढताना ताईने आईचा दंड धरला. "आई, आज विचार."

"काय विचार?"

"तुला माहितीये काय ते. विचार, आणि विचारून झालं की गप्प बस. उत्तर त्याचं त्याला देऊ दे."

खोलीत गेल्यावर नवऱ्याने आणि ताईने आपापलं बोलणं थोडक्यात आवरलं आणि माइक बाईंकडे सरकवला. खुनाच्या खटल्यांत ज्यांची जीभ अडखळली नाही, त्या बाईंना सुरुवात सापडेना. मग त्या एका दमात म्हणाल्या, "तू माझ्यामुळे गेलास का रे?" आणि त्यांनी माइक स्वतःच्या हाताने लांब ढकलला. अर्ध्याहून जास्त वेळ शिल्लक होता. कानवाल्यांनी भुवया उंचावल्या. त्यांनी बटण दाबलं आणि तेवढंच वाक्य निघालं.

त्या खोलीत भिंतीवर एक लांबलचक काळी पट्टी होती. एका टोकाला आपण, दुसऱ्या टोकाला यान, आणि बोलणं कुठवर पोचलं ते दाखवणारा एक ठिपका. एरवी बाई तिकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत, बडबडच चालू असायची. आज त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. चंद्र तर नवऱ्याने खुर्ची मागे सरकवेपर्यंतच मागे पडला होता. सगळ्या माणसांनी आजवर जिथे जिथे पाय ठेवला ते सगळं तेवढ्यात संपलं. पुढे काहीच नव्हतं. ठिपका सरकत होता, म्हणजे त्यांचं वाक्य त्या पोकळीतून चाललं होतं, वाटेत ना भिंत ना माणूस. मंगळाच्या वाटेची खूण आली आणि गेली. बाईंना वाटलं, आता ओरडून सांगावं की अरे, तसं नाही म्हणायचं मला, जरा वेगळं म्हणायचं होतं. पण मागून पाठवलेलं काहीही त्या वाक्याला गाठू शकणार नव्हतं. कोर्टात त्यांचं वाक्य फार तर समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, आणि चुकलं तर लगेच दुरुस्त करता यायचं. आज त्यांच्या तोंडचे पाच शब्द सूर्याकडे पाठ करून निघाले होते, जसेच्या तसे. एवढं लांब जाऊ शकतं माणसाचं बोलणं? आणि एवढ्या लांबवर आपलं बोलणं ऐकायला कुणीतरी बसलंय, आणि तो आपला आहे?

ठिपका शेवटी पलीकडच्या टोकाला टेकला. "पोचलं," कानवाले म्हणाले. "आता तो कधी बोलेल ते इथे कुणालाच कळणार नाही. लगेच बोलला तरी पाऊण तास."

पाऊण तास झाला. काही आलं नाही. ताईने दोनदा चहा आणला आणि दोनदा तो गार झाला. बाईंच्या मनात उत्तरं तयार व्हायला लागली. हो म्हणेल. नाही म्हणेल, पण ते उगाच समजूत घालायला. रागावला असेल. त्यांनी एकेक उत्तर धरलं आणि बळेच खाली ठेवलं. जागा करायची होती. अवघड काम होतं ते.

मग टेबलावरचा हिरवा दिवा लागला. सगळ्यांनी हेडफोन कानांवर सारखे केले. आधी पंख्याची घरघर आली, मग एक श्वास.

"आई," घुम्या म्हणाला. "तुझं बोलणं मिळालं. पहिल्यांदा वाटलं अजून यायचं बाकी आहे. म्हणून वाट बघितली." नवरा फसकन हसला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. "तू विचारलंस, तुझ्यामुळे का."

घुम्या थांबला. बाईंच्या ओठांवर 'नाही' येऊन बसलं, त्यांचं पोर आता 'नाही' म्हणणार हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"हो," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच."

बाईंनी टेबलाची कड धरली. ताईने पुढे होऊन काही बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. तो अजून शोधत होता. श्वास ऐकू येत होता.

"लहानपणी मी शाळेतून कोर्टात यायचो. तुझ्या मागच्या बाकावर बसायचो. एकदा एक माणूस आणला होता. त्याची भाषा तिथे कुणालाच येत नव्हती. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. तो नुसता उभा. मग तुला बोलावलं. तू त्याचं बोलणं सांगायला लागलीस. 'मी घाबरलो होतो, मी पोचलो, मी दार वाजवलं.' तुझ्या तोंडून त्याचं 'मी'." बाईंना तो माणूस आठवेना. किती माणसं त्यांच्या तोंडून बोलून गेली होती. "तू बोलायला लागल्यावर तो खाली बसला, आई. तोवर त्याला बस म्हटलेलंही कळलं नव्हतं. मला वाटलं, हे काम आहे. जिथलं कुणालाच कळत नाही तिथे एकाने जायचं. तिथलं इकडे आणायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. मला तेच करायचं होतं. पण तुझ्यासारखं भरभर मला कुठे येतंय? म्हणून अशी जागा शोधली जिथे बोलायच्या आधी विचाराला भरपूर वेळ मिळतो."

बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. नवऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता. पण हेडफोनवरून त्यांचं लक्ष हललं नाही.

"आता गुरू समोर आहे," घुम्या म्हणाला. "पूर्ण खिडकी भरून. खिडकीच्या बाहेरही तोच आहे. रंग आहेत, आणि ते रंग हलतायत. एक वादळ आहे, त्याच्यात आपली पृथ्वी बुडून जाईल. मी सकाळपासून बघतोय. तुला सांगायचं म्हणून बघतोय. तो दिसतो..."

आणि तो थांबला.

पंख्याची घरघर चालू राहिली. बराच वेळ गेला. कानवाल्यांनी आवाज दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि बटणाकडे हात नेला. "संपलं बहुतेक त्याचं," ते हळूच म्हणाले. "बंद करू?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "बोलतोय तो."

कानवाल्यांनी हात मागे घेतला. तिकडे, सूर्याचा उजेडही जिथे फिका पडतो तिथे, त्यांच्या मुलाने पाऊण तासापूर्वी घेतलेला एक श्वास आला, मग दुसरा आला. तो शोधत होता. बाईंनी सवयीने पुढचा शब्द चाचपून पाहिला. त्यांना येत असलेल्या सगळ्या भाषांत पाहिला. कुठेच नव्हता. पुढे काय येणार याची त्यांना तीळभरही कल्पना नव्हती. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटून त्या ऐकत राहिल्या.